निरोप्याची शेपटी

प्रयोगशाळा, तिसरा मजला
८ जानेवारी

आत्या,

तुझी धमकी पोचली. "दोन वर्षं झाली तिकडे जाऊन, दिवसभर नेमकं काय करतेस ते नीट लिही, नाहीतर पुढचा स्वेटर दुसऱ्या कुणासाठी विणीन." म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले आहे. फोनवरही सांगितलं असतं, पण तुझ्या लाँड्रीतली मशीनं माझं निम्मं बोलणं खातात आणि उरलेलं निम्मं तू मोठ्यांदा गिऱ्हाइकांना ऐकवतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

तर ऐक. विषाणू आपल्या एखाद्या पेशीत शिरला की लगेच आरडाओरडा होत नाही. आधी पेशीतलं एक प्रथिन त्याला बघतं. ते दुसऱ्याच्या कानात सांगतं, दुसरं तिसऱ्याच्या, आणि असा हातोहात निरोप पेशीच्या मध्यापर्यंत पोचतो. मग पेशी आसपासच्या पेशींना हाक मारते, की बायांनो, चोर शिरलाय, दारं लावून घ्या. ती हाक वेळेवर गेली तर आपल्याला दोन दिवस सर्दी होते आणि विषय संपतो. नाही गेली तर मात्र अंथरूण धरावं लागतं.

या साखळीतलं मधलं एक प्रथिन माझ्या वाट्याला आलंय. त्याचं खरं नाव इतकं लांब आहे की आमच्या मार्गदर्शक बाईसुद्धा ते एका दमात घेत नाहीत. मी त्याला निरोप्या म्हणते. माझा विषाणू मोठा बेरकी आहे. तो कुणाशी मारामारी करत बसत नाही. त्याचं एक प्रथिन सरळ जाऊन निरोप्याला गाठतं, आणि दोन तासांत निरोप्या नाहीसा होतो. मग हाक जात नाही आणि विषाणूला रान मोकळं.

हे मी शोधून काढलंय, आत्या. बाई खूश आहेत. "हाच तुझा प्रबंध," म्हणाल्या. दहा एप्रिलला पाच जणांच्या समितीपुढे हे सगळं मांडायचंय, आणि त्यांनी मान डोलावली की शेवटचं वर्ष पक्कं. बाबांनी आत्ताच सगळ्या इमारतीला सांगून टाकलंय म्हणे. आणि बाबांचा तुला निरोप: "ताईला सांग, मी ठीक आहे." चार गल्ल्यांवरचा निरोप माझ्याकडून फिरून जातो, त्यापेक्षा माझ्या पेशी जास्त शहाण्या.

तुझी,
भाची


लाँड्री, काउंटरच्या मागून
२१ जानेवारी

भाचीबाई,

पत्र मिळालं. उघडायच्या आधी इस्त्रीकाकांना म्हटलं, यावरून जरा वाफेची इस्त्री फिरवा, पोरगी विषाणूंत हात घालून लिहायला बसते. त्यांनी इतक्या मन लावून फिरवली की पहिल्या पानाची शाई दुसऱ्या पानावर गेली. तरी वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यांदा वाचलं, आणि हो, गिऱ्हाईक होतं. शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई. त्या म्हणाल्या, छान लिहिते.

बरंचसं समजलं. पण एक सांग, हा तुझा निरोप्या जातो कुठे? "नाहीसा होतो" म्हणजे काय? सव्वीस वर्षं मी लोकांचे कपडे सांभाळतेय. नाहीसं काही होत नसतं. मोजा पडद्याच्या घडीत सापडतो, रुमाल मशीनच्या रबरात. एकदा एक टाय तीन महिन्यांनी कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्यात निघाला. तू नीट शोधलंस का?

आता तू म्हणशील, आणि अण्णांचा कोट? तर तेवढा एक सोडून. तुझ्या बापाने तुला त्याची बाजू सांगितलीच असेल, आता माझी ऐक. तुझे आजोबा, आमचे अण्णा, बोटीवर तिकीट तपासनीस होते. त्यांचा तो जाड लोकरी निळा कोट. एकदा आईने त्याची काजं नव्याने शिवली. घरातला निळा दोरा संपला होता म्हणून हिरव्याने शिवली, आणि अण्णा ती हिरवी काजं घेऊन वीस वर्षं बोटीवर ऐटीत हिंडले. अण्णा गेल्यावर कोट तुझ्या बापाकडे गेला. तो थंडीत घालायचा, उन्हाळा लागला की माझ्याकडे धुवायला टाकायचा. अकरा वर्षांपूर्वी टाकला आणि न्यायला आला तेव्हा कोट नव्हता. कॉलरच्या आत मी स्वतः पट्टी टाचली होती, नंबर एकशे चौऱ्याहत्तर. आठवडाभर आम्ही दुकान पालथं घातलं. इस्त्रीकाकांना तर मी रोज विचारायची, "एकशे चौऱ्याहत्तर दिसला का?" बिचारे रोज मान हलवायचे. कुणीतरी दुसऱ्याच्या कपड्यांत बांधून नेला असणार. मी तुझ्या बापाला छातीवर हात ठेवून सांगितलं, कोट माझ्या दुकानात नाही. तो म्हणाला, "खोटं बोलतेस. तुला अण्णांची किंमतच नव्हती." तेव्हापासून तो त्याच्या घरी आणि मी माझ्या. त्याचे कपडे आता पलीकडच्या लाँड्रीत जातात. पँटची धार बघितलीस का त्याची? कुत्र्याच्या शेपटीसारखी वाकडी.

त्याला सांग, मीही ठीक आहे.

इस्त्रीकाका आहेत तसेच. आपल्या टेबलाला कुणाला हात लावू देत नाहीत. नवा माणूस ठेवला त्यालाही दुसरं टेबल दिलं. वरची चादरसुद्धा स्वतः बदलतात. थंडी वाजत असेल तर आतून दोन बनियन घाल.

आत्या


प्रयोगशाळा
१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. मी मजेत आहे. काम छान चाललं आहे. इथली हवा चांगली आहे. बनियन घालते. मुख्याध्यापिकाबाईंना नमस्कार सांग. बाबांना पत्रात लिहिलंय की सगळं मस्त आहे, तुलाही तेच सांगते. विषाणूची काळजी करू नकोस, मी अख्खा विषाणू हाताळतच नाही, त्याचं फक्त एक प्रथिन वापरते, त्याने कुणी आजारी पडत नाही. तेव्हा पत्रं इस्त्री करायची गरज नाही.

तुझी,
भाची


लाँड्री
२४ फेब्रुवारी

भाचीबाई,

मी तुला तीन दिवसांची असल्यापासून ओळखते. तू कधी "हवा चांगली आहे" असं लिहिलेलं नाहीस. हवा चांगली असली तरी तू नावं ठेवतेस. आणि "प्रिय आत्या" काय? प्रिय मी आहेच, ते लिहायची वेळ का आली?

काउंटरवर रोज शंभर माणसं डाग लपवून कपडे टाकतात. घडी अशी घालतात की डाग आत जाईल. मी घडी न उघडता सांगते कुठे आहे ते. तेव्हा मुकाट्याने उघड.

आत्या


प्रयोगशाळा
३ मार्च

आत्या,

उघडते. घे.

जानेवारीच्या शेवटी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून बाईंना पत्र आलं. तेही याच विषाणूवर काम करतात. त्यांनी लिहिलंय, "तुमची विद्यार्थिनी म्हणते निरोप्या नाहीसा होतो. आम्ही तोच प्रयोग केला. आमच्याकडे निरोप्या आहे. होता तेवढाच आहे." बाईंनी पत्र माझ्या हातात दिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी प्रयोग सहा वेळा परत केला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दादाने स्वतंत्रपणे केला. आमच्याकडे निरोप्या नाही म्हणजे नाहीच. आणि आणखी एक गोम आहे. पेशीला नको असलेली प्रथिनं मोडून टाकायची एक व्यवस्था असते, कचरापेटी म्हण. मला वाटत होतं की विषाणू निरोप्याला तिथे ढकलतो. म्हणून मी कचरापेटीच बंद करून बघितली. मग निरोप्या उरायला हवा ना? तरीही तो नाही. तू विचारलं होतंस, जातो कुठे. तेव्हा मी हसले होते. आता महिनाभर दुसरा विचार नाही.

दहा एप्रिलपर्यंत याचा उलगडा झाला नाही तर समिती हे काम बंद करणार, असं बाईंनी सांगितलंय. बंद म्हणजे जूनमध्ये माझी जागा संपते आणि मी पदवीशिवाय घरी येते. बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय की माझी मुलगी विषाणू पकडते.

निरोप्या आहे की नाही हे आम्ही बघतो कसं, ते सांगते, म्हणजे तुझ्याही डोक्याला काम. पेशी फोडायच्या, त्यातली प्रथिनं एका थलथलीत वडीतून विजेच्या जोरावर खाली पळवायची. लहान असतात ती पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. मग ती सगळी एका पांढऱ्या कागदावर उतरवायची. नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही. त्यावर आम्ही विकत आणलेलं एक प्रतिपिंड ओततो. ते हजार प्रथिनांतून बरोबर निरोप्याला ओळखतं आणि त्यालाच चिकटतं. तिथे काळी रेघ उमटते. रेघ म्हणजे निरोप्या हजर. माझ्या कागदावर रेघ नाही.

कालपासून मी बाहेर जेवते आहे, कारण बाई डब्याच्या वेळी समोर बसतात आणि काही बोलत नाहीत.

भाची


लाँड्री
११ मार्च

बाळा,

पत्र वाचून आधी मला तुझ्या बाईंचा राग आला, मग तुझा. सहा वेळा प्रयोग केलास आणि मला एकदाही लिहिलं नाहीस. बरं, झालं ते झालं. बाहेर जेवू नकोस. बाईंच्या समोर बस आणि चवीने जेव. न बोलणाऱ्या माणसासमोर जेवायची सवय या घरात सगळ्यांना आहे.

मला तुझ्या विज्ञानातलं काही कळत नाही, पण परवाची गंमत सांगते. एका वकीलसाहेबांची करडी पँट, नंबर तीनशे अठरा, सापडेना. साहेब काउंटरवर घड्याळ बघत उभे. मी, नवा माणूस, कपडे पोचवणाऱ्या बाई, तिघं मिळून शोधतोय. प्रत्येक पँट उचलायची, कमरेच्या आतली चिठ्ठी बघायची, तीनशे अठरा नाही, ठेवून द्यायची. दोन तास. शेवटी वकीलसाहेबच बोट दाखवून म्हणाले, "अहो, ती काय समोर टांगलीय, ती माझीच." होतीच. मशीनमध्ये चिठ्ठी सुटून गेली होती. ती पँट मी स्वतः चार वेळा हातात घेऊन बाजूला ठेवली होती. आम्ही पँट शोधतच नव्हतो, आम्ही चिठ्ठी शोधत होतो. इतकी शरम वाटली की साहेबांचा कोट फुकट धुऊन दिला.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. तुझं ते विकतचं जे काय आहे, निरोप्याला ओळखणारं, ते त्याला कशावरून ओळखतं? चेहऱ्यावरून? चपलांवरून? तू लिहिलं नाहीस. कदाचित माझा प्रश्नच खुळा असेल. पण विचारायला काय जातंय?

नीट झोप घे.

आत्या


प्रयोगशाळा
१५ मार्च

आत्या,

शेपटीवरून.

तुझं पत्र जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. आमचं प्रतिपिंड निरोप्याच्या शेपटीचा शेवटचा इवलासा भाग ओळखतं, बाकी अख्ख्या अंगाशी त्याला देणंघेणं नाही. बाटलीवर लिहिलेलं आहे. दोन वर्षं ती बाटली माझ्या हातात आहे. मीच ती निवडली होती, कारण तिने रेघ स्वच्छ येते.

म्हणजे विषाणूच्या प्रथिनाने नुसती शेपटी छाटली असेल तर? तो तुकडा इतका लहान की वडीच्या तळातून केव्हाच वाहून जाणार. आणि निरोप्या मात्र जागच्या जागी उभा, आम्ही त्याला चार वेळा हातात घेऊन बाजूला ठेवतोय. बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, माझी आत्या, लाँड्री चालवते. बाई म्हणाल्या, "त्यांना समितीवर घ्यायला हवं होतं."

डोक्याकडून ओळखणारं प्रतिपिंड खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे आहे. थोडं उसनं मागितलंय. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, तेव्हा गिऱ्हाइकांना सांगू नकोस. बाबांनाही नाही, म्हणजे तू तशीही सांगणार नाहीसच.

आणि आता माझा खुळा प्रश्न. अण्णांचा कोट तू कशावरून शोधलास? एकशे चौऱ्याहत्तरवरून ना? तो नंबर विसर आणि परत एकदा शोध.

भाची


प्रयोगशाळा
३० मार्च

आत्या,

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. रागावलीस का? कोटाचं उगाच काढलं मी. राग आला असेल तर तसं लिही, पण लिही.

मी मात्र थांबू शकत नाही. निरोप्या सापडला. डोक्याकडच्या प्रतिपिंडाने बघितलं तर हा गडी कागदावर ठसठशीत उभा. फक्त नेहमीच्या जागेच्या किंचित खाली, कारण शेपटी गेल्याने तो थोडा बुटका झालाय. दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन केला. त्यांचं प्रतिपिंडही डोक्याकडचंच. त्यांनी आपले जुने कागद परत काढून बघितले. त्यांचीही रेघ किंचित खाली होती, त्यांना वाटलं वडी वाकडी पळाली असेल. म्हणजे त्यांना निरोप्या दिसत होता पण कापलेला कळत नव्हता, आणि मला तो दिसतच नव्हता. दोघांनी मिळून फोनवर बराच वेळ स्वतःला हसून घेतलं.

पण समिती विचारणार: निरोप्या आहे, तर मग हाक का जात नाही? मला वाटतं, निरोप्या पुढच्याच्या कानात सांगतो ते शेपटीने. शेपटी नसलेला निरोप्या रांगेतली आपली जागा अडवून उभा राहतो, मागचा निरोप ऐकून घेतो आणि पुढे काही देत नाही. नसता तर निदान दुसऱ्या कुणाला जागा मिळाली असती. हे खरं की खोटं बघायला दोन प्रयोग लावलेत. एकात विषाणूचं काहीच नाही, फक्त बुटका निरोप्या पेशीत सोडायचा. दुसऱ्यात कापायची जागाच बदललेला निरोप्या, ज्याला विषाणू कापू शकणार नाही. अकरा दिवस उरलेत. नखं संपली आहेत.

लिही ग.

भाची


लाँड्री
६ एप्रिल

बाळा,

रागावले नाही. मला लिहिता येत नव्हतं. आताही हे तिसरं पान आहे, दोन फाडली.

तुझं कोटाबद्दलचं पत्र आलं त्या दिवशी मी हसून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम होती, सहज इस्त्रीकाकांना विचारलं, "काका, हिरव्या दोऱ्याने शिवलेली काजं कधी नजरेस पडली का हो?" अकरा वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारलं. आजवर विचारलं ते एकशे चौऱ्याहत्तर दिसला का, आणि 'नाही' म्हणायचे ते खरंच होतं. काकांचा हात इस्त्रीवरच थांबला. इस्त्री उचलायचं भान राहिलं नाही, खालचा शर्ट करपायला लागला. मग त्यांनी इस्त्री बंद केली, टेबलावरची चादर काढली, तिच्याखालची घोंगडी काढली, आणि तिच्याखाली अण्णांचा कोट. उसवून सपाट पसरलेला. हिरवी काजं ओळीने माझ्याकडे बघत होती.

अकरा वर्षांपूर्वी त्या आठवड्यात काकांची बायको दवाखान्यात होती. त्यांचं लक्ष नव्हतं. गरम इस्त्री कॉलरवर राहिली आणि कॉलर जळून गेली, नंबराच्या पट्टीसकट. आपली नोकरी जाणार म्हणून त्यांची पाचावर धारण बसली. बाह्या काढल्या, कोट उसवला आणि टेबलाच्या गादीत घातला. त्या बाह्यांची बाजूला उशी केली, शर्टाच्या बाह्या तिच्यावर इस्त्री होतात. म्हणून ते टेबलाला कुणाला हात लावू देत नव्हते. मला म्हणाले, "ताई, रोज त्याच्यावर इस्त्री केली, पण एक डाग पडू दिला नाही." आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, पण आत जाऊन.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग माझंच मला कळलं की बोलणं बंद करायची आमच्या घराला खोडच आहे. तिसऱ्या दिवशी चहा केला आणि त्यांना हाक मारली.

पण आता पुढचं. मी तुझ्या बापाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, कोट माझ्या दुकानात नाही. तो होता. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होता. तो मला खोटी म्हणाला, आणि मी खोटीच निघाले ग. आता कुठल्या तोंडाने जाऊ? कोट कागदात बांधून ठेवलाय. रोज सकाळी वाटतं आज जाते, आणि रोज काहीतरी काम निघतं.

तुझ्या दहा तारखेला मी दिवसभर तुझाच विचार करीन.

आत्या


प्रयोगशाळा
११ एप्रिल

आत्या,

झालं. शेवटचं वर्ष मिळालं.

दोन्ही प्रयोग वेळेवर आले. नुसता बुटका निरोप्या सोडलेल्या पेशी चोर आल्याची नकली खूण केली तरी गप्प. आणि न कापला जाणारा निरोप्या असलेल्या पेशींनी अशी हाक मारली की दादा म्हणाला, जरा आवाज कमी करा. म्हणजे विषाणू निरोप्याला मारत नाही, त्याच्याकडून दुसरंच काम करवून घेतो. ही गोष्ट आधीच्यापेक्षा कितीतरी सरस निघाली. विषाणूचं हे काम तुझ्या इस्त्रीकाकांनी कोटाची गादी केली तसंच. हे मी समितीत बोलले नाही, पण बोलायची फार इच्छा होती.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. सुरुवात कशी करायची यावर मी आठवडाभर अडून बसले होते. "नवीन पुरावा असं सुचवतो" वगैरे गुळमुळीत वाक्यं लिहून ठेवली होती. उभी राहिले आणि तोंडातून आलं, "आजवर मी सांगत होते की निरोप्या नाहीसा होतो. तो तिथेच होता. मी त्याला चुकीच्या खुणेवरून शोधत होते. चूक माझी आहे." मग सगळ्यांत खडूस म्हातारे सर आहेत, ते पुढे वाकले आणि म्हणाले, "बरं. मग तो सापडला कसा, ते सांगा." बस, एवढंच. पुढचा तासभर कुणालाही माझ्या चुकीत रस नव्हता, सगळ्यांना निरोप्या बघायचा होता.

आता तू जा. बाबा खडूस आहेत, पण आमच्या सरांएवढे नाहीत. आणि तू खोटं बोलली नव्हतीस. तुला दिसत नव्हता एवढंच. कागद सोडव, कोट दाखव, आणि पहिलं वाक्य तेच म्हण.

भाची


लाँड्री
१९ एप्रिल

भाचीबाई,

आधी तुझं. पत्र आलं आणि मी दुकान दुपारीच बंद केलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मुख्याध्यापिकाबाई पडद्यासाठी आल्या होत्या, त्यांना सांगितलं, आज नाही, माझी भाची पास झाली. त्यांनी मला मिठी मारली. पडदे राहिले.

मग कोट. तू सांगितलंस तशी जाणारच होते, पण आधी इस्त्रीकाका आणि मी तीन दिवस बसून तो परत शिवला. उशीतून बाह्या काढल्या. त्या थोड्या आटल्या आहेत. कॉलर मिळाली नाही ती नाहीच. काका म्हणाले, नवी लावू का? मी म्हटलं, नको. झालं ते दिसू दे.

काल सकाळी गेले. चार गल्ल्या. दारातच म्हटलं, "कोट माझ्याच दुकानात होता. मी चुकीच्या खुणेवरून शोधत होते. चूक माझी." तुझा बाप दाढी करत होता, अर्ध्या तोंडाला साबण. त्याने कोट घेतला, हिरव्या काजांवरून बोट फिरवलं, आणि तसाच साबणाच्या तोंडाने तो घालून आरशासमोर उभा राहिला. मग काकांबद्दल सांगितलं. मला वाटलं आता चिडेल. तर म्हणाला, "त्यांची बायको कशी आहे आता?" बरी आहे म्हटलं. मग आम्ही चहा प्यायलो. पहिला अर्धा तास तुझ्यावरच बोललो. तुझी मार्चपासूनची सगळी पत्रं मी त्याला वाचायला दिली आहेत, तेव्हा तुझी काही खैर नाही.

आज तो दुकानात आला आहे, गाठोडं घेऊन. त्याच्या पँटची धार बघून इस्त्रीकाकांनी कपाळाला हात लावला. आता माझ्या खांद्यावरून वाकून मी काय लिहिते ते वाचतोय आणि सारखा घसा खाकरतोय. त्याच्या हातात पेन देते, म्हणजे गप्प बसेल.

आत्या

*

बेटा,

ताईने पेन दिलं. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही.

तू मला लिहिलंस की सगळं मस्त आहे, आणि तिकडे नखं कुरतडत बसली होतीस. पुढच्या वेळी मलाही सांगायचं. इमारतीला मी सांगितलंय की तुझी चूक झाली होती आणि तू ती स्वतः शोधलीस. दूधवाला म्हणाला, मग तर मोठीच झाली.

कोट घातलाय. कॉलर नाही म्हणून मान गारठते. ताई मफलर विणून देणार आहे, रंग हिरवा.

अकरा वर्षं मी हिला एकच विचारत राहिलो, कोट कुठे आहे. तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही. काल विचारलं.

ठीक आहे ती. गुडघा दुखतो म्हणते.

बाबा